मेहुण्यानं केलेलं धनुष्य

धनुष्य भिंतीला का टांगलंय विचारता, तर ऐका. ते बांबूचं, खेचायला चाळीस पाउंड जोर लागणारं, कामण गावच्या मेहुण्यानं करून दिलेलं. तो यंदा श्रावणात गेला. साठी उलटल्यावर तिरंदाजीच्या मैदानातली मंडळी म्हणायची, "काका, आता हलकं घ्या." मी हसायचो, कारण त्याची दोरी अजून माझ्या कानापर्यंत आरामात यायची.

दिवाळीनंतर मात्र ती हनुवटीपर्यंतही येईना. बायकोला म्हटलं, "बांबू वाळून कडक झालाय."

मग भंगारवाल्याचा हुकाचा काटा मागून आणला, त्याला धनुष्याची दोरी अडकवली आणि भाच्याला पूर्ण खेचायला लावलं. काटा नऊ किलोवर थांबला, म्हणजे जेमतेम वीस पाउंड.

"काटा बिघडलाय," मी म्हटलं.

"काटा बरोबर आहे," बायको म्हणाली. "दर भाऊबीजेला तेल लावायला म्हणून मी ते माहेरी न्यायचे ना, तेव्हा दादा आतून थोडं तासून हलकं करून द्यायचा. तुमचा खांदा त्याला दिसत होता."

"मला का नाही सांगितलंत दोघांनी?"

"तुम्ही खेचायचं सोडलं असतंत."

"मग यंदा का नाही नेलंस?"

"कुणाकडे नेऊ?"