बर्फात निजलेलं कासव

नाय रे रितेश, हे मोठं झालं — लहान दाखव, तळहाताएवढं, कानामागे लाल पट्टी असलेलं. तुझ्याच दुकानातून नेलेलं ना माझ्या लेकाने, साकिबने, त्याच्या अलिझाच्या वाढदिवसाला! जोडीला? छे, जोडीला नको. अगदी तसंच हवं. काय झालं म्हणून काय विचारतोस — झोपलंय. थंडीत झोपतात ना कासवं? नातीने मोबाईलवर बघितलं. मंडणगडला आजोळी जाताना बजावून गेली — दादा, याला झोपायला थंडी लागते, आपल्याकडे थंडी कुठाय? म्हटलं, बाय माझी, अख्ख्या मिरकरवाडा बंदराला बर्फ पुरवतो तुझा दादा, एका कासवाला कमी पडू देईन?

थर्माकोलची पेटी घेतली. खाली बर्फाचा चुरा, मध्ये ते, वर परत चुरा — सुरमई भरतो तशी. हयात गेली यात, हात आपसूक चालतो. रोज पाणी काढायचो, नवा बर्फ घालायचो. रोज तिचा फोन — दादा, झोपलंय ना? झोपलंय गो. हलत नाय ना? अजिबात नाय. एवढी खूश व्हायची! मीपण खूश. काल झाकण काढलं नि वास आला — हो, तसाच वास. बर्फ मेलेल्याला लागतो रे, जित्याला नाय. एवढं मला कळू नये? मला?

आणि साकिब — ट्रॉलरवर छातीत कळ आली त्याच्या, तुला ठाऊकच आहे. दोन दिवस लांब होते बंदरापासून. आणला तो बर्फातनंच, मासळीच्या खणातनं. त्या फेरीचा बर्फ मीच भरून दिलेला, माझ्या या हातांनी. घरी आणला तर ही पोर गालाला हात लावून विचारते, अब्बा एवढा गार का? काय सांगणार? म्हटलं, झोपलाय गो. कधी उठेल? म्हटलं, उठेल. सुटलं तोंडातून. काल फोनवर काय बोलली माहीत आहे? — दादा, कासव उठलं की अब्बापण उठेल ना?

उद्या येतेय ती.

हे? हो, हे तसंच आहे. अगदी तसंच, पट्टीसुद्धा — बघ, पाय कसे मारतंय… नको. सोड त्याला. अरे, हे उठलेलं दाखवलं तर मग तिच्या अब्बाला कुठनं उठवू? सोड म्हटलं ना पाण्यात! पिशवी नको. जातो मी.