दुधी काचेवरचं नाव

तनुजा : ब्लेड द्या ताई, एका मिन्टात मोकळं होतंय.

सिंधु : ब्लेड नाही. काचेवर आधी दुधी कागद आहे, त्याच्यावर अक्षरं. कागद फाटला की स्टेशन रोडवरून पार्लरच्या आतलं सगळं दिसेल. केवळामावशी डोक्याला काळं फासून बसल्यात, त्यांची तरी इज्जत ठेव.

केवळाबाई : माझी फिकीर करू नका, माय. मला बगून कोन भुलतंय आता? फकस्त धर्माबादची गाडी चुकवू नका. बहिनीच्या नातवाचं लगीन हाय, आन् मी हितं कलप लावून दाराच्या आतल्या अंगाला खुर्ची टाकून बसलेय.

सिंधु : हे 'सिं' अर्धं कुणी ओरबाडलं?

तनुजा : मीच. तुमी यायच्या आधी संपवायचं होतं.

सिंधु : म्हणजे मी आले असते तेव्हा काचेवर नुसतं 'तनुजा ब्युटी पार्लर' दिसलं असतं.

तनुजा : हाव. तेच आता खरं हाय न्हवं?

सिंधु : मी माझी कात्री आणि धाग्याची रिळं न्यायला आले होते गं. नाव न्यायला नव्हते आले.

तनुजा : मग काय करू सांगा. उद्या बाया येतील, नाव वाचून इचारतील, सिंधुताई कुटं हायत? लातूरला गेल्या म्हनलं की चप्पल पायात घालून परत. तुमचं नाव ठिऊन मी गिऱ्हाईक घालवत बसू?

सिंधु : बरं. काढायचंच आहे तर नीट काढू. ड्रायर आण. वायर पुरते का बाहेरपर्यंत?

केवळाबाई : अगं, ते तर माझ्या डोक्यासाठी काढलं होतं की! माझा वारा काचंला द्यायल्या काय?

सिंधु : तुमचं अजून मुरायचंय, मावशी. नव्या पातेल्यावरचं स्टिकर कसं काढता तुम्ही?

केवळाबाई : ग्यासवर धरून.

सिंधु : तसंच हे. लांबून वारा दे, तनू. एका जागी धरू नको, कागद आकसेल. हां, आता कोपरा नखानं उचल. वर नको ओढू! मागं घे, काचेला लागून मागं. मेणाची पट्टी कशी ओढायची ते शिकवलं होतं ना तुला?

तनुजा : कातडी ताणून धरायची आन् पट्टी उलट्या अंगानं मागं. पन झटक्यात ओढ म्हनल्या होत्या तुमी.

सिंधु : माणसाला झटक्यात. एकदा दुखतं आणि संपतं. काचेला हळू, नाहीतर गोंद मागे राहतो.

तनुजा : म्हनून मला बी झटक्यातच सांगितलंत. 'शनिवारी जायचंय' म्हनून.

सिंधु : तुला सांगणारच होते मी.

तनुजा : कवा? साऱ्या मुदखेडला ठाऊक होतं. भाऊजी रेल्वेच्या लोकांना पेढे वाटत फिरायले होते, शिवांगीचं लातूरच्या क्लासात जमलं म्हनून. मी बी खाल्ला पेढा. मला वाटलं, पोरगी हॉस्टेलात राहील. पेढा पोटात गेल्यावर कळलं की आई बी जायलीय भांडेकुंडे घेऊन.

केवळाबाई : लातूरला आता खोल्याखोल्यात आयाच ऱ्हातेत म्हनं. बाप गावाकडं, आन् आई लेकराच्या डब्यासाठी तिकडं. आमच्या शेषेरावाची बायको बी गेली की पोरासंगं. इकडं शेषेराव हातानं भाकर थापायलाय. भाकरीला कोपरे निघायलेत.

सिंधु : 'धु' अख्खा आला बघ. शाब्बास. आता तू फाडलंस तिथला गोंद तेवढा.

तनुजा : थिनर आनलंय मी पेंटरकडून.

सिंधु : झाकण लाव त्याला आणि आत ठेव. दुधी कागद खराब होईल. आणि ओघळ तिकडं गेला तर तुझंही नाव सुटेल. मधे जागा तरी केवढी आहे?

केवळाबाई : मग राकेल लावा. आमी समदं राकेलनंच पुसायचो.

सिंधु : राकेल आता आणायचं कुठून, मावशी? आणि आणलं तरी नको. तनू, हाताला मेण चिकटून राहिलं तर आपण काय लावतो?

तनुजा : खोबरेल.

सिंधु : मग तेच. कापसाचा बोळा घे. थांब, आधी तुझ्या नावाच्या कडेला टॉवेलची घडी दाबून धर. तेल तिकडं जायला नको.

तनुजा : माझ्या नावाची लई काळजी करायल्या.

सिंधु : ते राहणार आहे ना इथं.

तनुजा : तेल मुरेस्तोवर एक इचारू? मला आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

सिंधु : जायचं पक्कं झालं असतं.

तनुजा : म्हंजे?

सिंधु : घरात कधीच ठरलं होतं. शिवांगीचे बाबा म्हणाले, तू नसशील तर पोरगी नीट जेवणार नाही. सासूबाई म्हणाल्या, पार्लरचं काय, कधीही उघडता येतं. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही उठून काही बोलले नाही. रोज सकाळी वाटायचं, आज शिवांगी म्हणेल, आई, मी राहते हॉस्टेलात. तोवर कुणापुढे काढायचं नाही, एवढंच मनाशी धरलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस, मग मी रडले असते, आणि मग ते खरंच झालं असतं.

तनुजा : मी कामून रडू?

केवळाबाई : मग आता काय करायलीस, माय?

तनुजा : तेल उडालं डोळ्यात.

केवळाबाई : कापसावरचं तेल उडतंय व्हय गं?

तनुजा : मावशी, तुमी गाडीकडं ध्यान द्या. ताई, मग पोरगी काय म्हनली शेवटी?

सिंधु : म्हणाली, आई, तू येणार असशील तरच मी जाईन. यावर काय बोलायचं, सांग.

तनुजा : काई न्हाई. गप भांडे भरायचे.

सिंधु : तेच करतेय. आता अंगठ्यानं चोळ, एकाच बाजूनं. वळ्या होतील बघ गोंदाच्या.

तनुजा : शेवयावानी व्हायल्यात.

सिंधु : हं. चोळता चोळता सांग मला. शिवांगीची बारावी झाल्यावर मी परत आले तर ती आतल्या आरशापुढची खुर्ची माझी असेल का?

तनुजा : कोन येतंय परत? बारावी झाली की पोरीचा नंबर लागतो पुन्याला न्हाईतर मुंबईला. आई जाते मागं मागं. तितं बी डबा लागतोच की.

सिंधु : मी विचारलं काय आणि तू सांगतेस काय?

तनुजा : गोंद निघालाय, बगा.

सिंधु : बघते. शाम्पूचं पाणी दे. कोमट आहे ना? काच तापलीय, गार पाणी मारलं तर तडा जाईल. हां. आता कोरड्या फडक्यानं पूस.

तनुजा : ताई.

सिंधु : काय गं?

तनुजा : हे अजून दिसायलंय.

सिंधु : गोंद राहिला असेल.

तनुजा : न्हाई. हात फिरवून बगा, गुळगुळीत हाय. गोंद न्हाई, तेल न्हाई. पन नाव दिसायलंय.

सिंधु : थांब, जरा मागं होऊन बघू दे. हं. सगळा कागद उन्हानं पिवळा पडलाय. अक्षरांच्या खालचा तेवढा पांढरा राहिला.

केवळाबाई : मला वाचता येत न्हाई. काय लिवलंय आता तितं?

तनुजा : तेच लिवलंय, मावशी. कालच लावल्यावानी.

सिंधु : माझंच चुकलं. तुझं ब्लेड चालू दिलं असतं तर कागदासकट गेलं असतं.

तनुजा : मग आता हे कशानं जाईल?

सिंधु : कशानंच नाही. ऊन लागून लागून आपोआप बाजूच्या रंगाचं होईल. दोनेक उन्हाळे जातील. नाहीतर पेंटरला सांग, सगळा कागद नवा लावून देईल.

तनुजा : दोन उन्हाळे म्हंजे शिवांगीची बारावी.

सिंधु : हं. तेवढंच.

केवळाबाई : तोवर माझं डोकं बी पुन्ना पांढरं होतंय. कुनीतरी धुवा गं आता! कानाच्या पाळ्या काळ्या झाल्या असतील माझ्या.

सिंधु : झाल्याच आहेत. लग्नात कुणी विचारलं तर तीट लावली म्हणा. या आत, वाका बेसिनवर. डोळे मिटा.

केवळाबाई : तुजा हात लई हलका हाय, सिंधु. लातूरला नुसती पोळ्या लाटत बसशील तर जड व्हईल बग.

सिंधु : हलू नका, मावशी.

(पार्लरचा फोन वाजतो.)

सिंधु : तनू, घे गं. माझे हात भरलेत.

तनुजा : हॅलो. हाव, पार्लरच. कुटून बोलायल्या? इस्लापूरहून. बोला की. नवरीचा मेकअप? करतो ना. कोन? सिंधुताई? न्हाई न्हाई, बंद न्हाई केलं त्यांनी. लातूरला असतात सध्या, पोरीच्या शाळेपायी. लग्न कवा हाय? तुळशीचं लग्न झाल्यावर. जरा थांबा, ह्या हितंच हायत, इचारते. ताई, तुळशीच्या लग्नानंतर एका नवरीसाठी येनं होईल का?

सिंधु : अगं, असं आत्ताच कसं सांगू? शिवांगीची परीक्षा असली मधे तर? एक दिवस जरी आले तरी तिच्या डब्याचं कोण बघणार?

तनुजा : हॅलो? हाव. येतात म्हनल्या.