शेवंतीच्या नावाचं पान

बसा मंडळी, सावकाश बसा. तो पंखा जरा कोपऱ्यातल्या आजींकडे वळवा. नामाचा गजर झाला, मनं निवली असतील, तर एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका.

घरात चोरी झालेली नाही. कुणी कशाला हात लावलेला नाही. तरीही पैसे गेले. मग चोर कोण?

आज पुढच्या रांगेत मला बरेच नवे चेहरे दिसतायत. पेठेत ज्यांनी नुकताच स्वतःचा धंदा मांडलाय ते. कुणाचं शिलाईचं मशीन, कुणाची पोळीभाजी, कुणी वायरमन. नोकरी सोडून स्वतःच स्वतःचे मालक झालात, चांगलं केलंत. तुमच्यासाठीच आजचं आख्यान. यात राजा नाही, राक्षस नाही. एक बाई आहे, तिची नणंद आहे, आणि एक पितळी डबा आहे.

ऐका तर.

खाली कोकणात, कुडाळच्या पलीकडे, खाडीकाठी एक वाडी. तिथं मंदाकिनी कोचरेकर राहायची. सगळे मंदाच म्हणत. नवरा वारून तीन वर्षं झालेली. पदरी एक मुलगी, कॉलेजसाठी बाहेरगावी राहणारी. आणि घरात नवऱ्याची धाकटी बहीण, शेवंती. लग्न मोडून माहेरी आली होती. भाऊ गेल्यावर लोकांना वाटलं, आता ही जाईल. ती गेली नाही. त्या दोघी नणंद-भावजय, पण एका ताटात जेवायच्या. त्यांची बोली मालवणी. ती मी बोलायला गेलो तर तुम्ही हसाल, म्हणून आपल्या बोलीत सांगतो.

मंदानं नऊ वर्षं काजूच्या कारखान्यात काम केलं. बोटं काळी झाली. नऊ वर्षांत चाळीस हजार शिलकीला टाकले आणि एके दिवशी ठरवलं, पुरे. आता आपलं आपण करायचं. कोकम सरबत.

तुम्ही पाहिलंय कधी ते कसं करतात? चैत्र सरता सरता रातांबे पिकतात. कोकमाची लालभडक फळं. ती कापायची, आतला गर काढायचा, त्या सालींच्या वाट्यांत साखर भरायची, बरणीत थर लावायचे आणि बरणी उन्हात ठेवून द्यायची. मग माणसानं काही करायचं नाही. ऊन करतं. साखर हळूहळू विरघळते, साल रंग सोडते, आणि आठ दिवसांनी बरणीत असा रंग उतरतो की बघणाऱ्याला आपण जागे आहोत की झोपेत तेच कळू नये. मंदाच्या पडवीत अशा चाळीस बरण्या ओळीनं उभ्या असायच्या. दुपारी ऊन त्यांच्यातून आत यायचं आणि समोरची पांढरी भिंत गुलाबी होऊन जायची. त्या गुलाबी उजेडात शेवंती बसायची. बाटली भरायची, बूच दाबायची, पुसायची, लेबल लावायची. सकाळी बसायची ती सावली खाडीकडे झुकेपर्यंत.

आणि विक्री कशी झाली म्हणता? बाराशे बाटल्या गेल्या त्या पहिल्या हंगामात. बाटली एकशे वीस रुपयांना. पैसे आले की मंदा डब्यात टाकायची. साखर आणायची, डब्यातून. गॅस संपला, डब्यातून. मुलीची फी, डब्यातून. कौलं बदलली, तीही डब्यातून. डब्यात हात घातला की नोटा लागायच्या. तेवढं पुरेसं होतं. ती म्हणायची, लक्ष्मीला काय मोजायचं?

हसू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतो ना आपण? दुसऱ्यापुढे झाकावी, हे खरं. पण स्वतःची मूठ स्वतःपासूनच झाकून ठेवली तर? मी कीर्तनाला उभा राहण्याआधी तीन वर्षं सायकलचं दुकान चालवलं. बुडालं. का बुडालं, हे मला आजही सांगता येत नाही. कारण मी काही लिहिलंच नव्हतं. बुडालेल्या माणसाला निदान पाणी कुठं होतं ते तरी ठाऊक असावं की नाही?

असो. आषाढ लागला. बुचं बसवायचं एक छोटं यंत्र मंदानं पाहून ठेवलं होतं. वीस हजार आगाऊ भरायचे होते. ती डबा घेऊन बसली, पहिल्यांदा सगळ्या नोटा बाहेर काढल्या, मोजल्या.

नऊ हजार.

पुन्हा मोजल्या. नऊ हजार. चाळीस आपण घातले, बाराशे बाटल्या विकल्या, आणि उरले नऊ? एकतीस हजार गेले कुठे? आणि मंडळी, माणसाला जेव्हा उत्तर सापडत नाही ना, तेव्हा तो माणूस शोधतो.

शेवंती चुलीपाशी भाकरी थापत होती. मंदा दारात उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "या डब्याला हात आपल्या दोघींचेच लागतात."

शेवंतीनं वर पाहिलं. तव्यावरची भाकरी उलटली, ती फुगेपर्यंत थांबली, उतरवून टोपलीत ठेवली. मग हात धुतले. दोन लुगडी पिशवीत घातली. दाराशी येऊन म्हणाली, "वहिनी, तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत."

आणि सावंतवाडीच्या गाडीत बसून गेली. तिकडं मावसबहिणीकडं राहिली आणि काजूच्या कारखान्यात कामाला लागली.

मंदाला वाटलं, आपला संशय खराच ठरला. खरं नसतं तर भांडली असती. बघा, आळ घेणाऱ्याला आळ सिद्ध करायला काहीही पुरतं. ती भांडली असती, तरी मंदा म्हणाली असती, चोराच्या उलट्या बोंबा.

पंधरा दिवस गेले. एका दुपारी आंतोनकाका बाटली घ्यायला आले. आंतोन फर्नांडिस, दूध सोसायटीत तीस वर्षं हिशेबनीस होते. निवृत्त. रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे आणि बाकीचे सहा दिवस खाडीकडे बघत बसायचे. बाटली घेतली आणि सवयीनं म्हणाले, "पावती दे."

"पावती कसली काका? मी पावती फाडत नाही."

"बरं. मग एवढं सांग, ही बाटली तुला केवढ्याला पडते?"

एकशे वीस हा आकडा तिनं आणला कुठून होता? बाजारात एक जण सव्वाशेला विकायचा, म्हणून हिनं पाच कमी केले होते. पण त्याची स्वतःची रातांब्यांची झाडं होती. हिचं फळ न् फळ विकतचं.

काका दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही घेऊन आले. पडवीत बसले. म्हणाले, "पहिल्या दिवसापासून आठव."

"कसं आठवणार काका? तारखा कुणाला ठाऊक?"

"तारीख आठवत नसेल तर त्या दिवशी काय फुललं होतं ते आठव. वारा कुठला होता ते आठव. आपण तारीख मागाहून लावू."

आणि मंडळी, सात दुपारी ती बाई डोळे मिटून बसली. सुरंगी फुलली होती त्या दिवशी पहिली साखर आली, दोन पोती. लिहा. वाडीत लग्नाचा मांडव पडला त्या दिवशी बाटल्यांचे खोके आले, वाटेत अकरा फुटल्या. लिहा. भरतीचं पाणी कुंपणापर्यंत आलं होतं, तेव्हा मुलीची फी भरली. लिहा. काका म्हणाले, हे वेगळ्या पानावर, हे घरचं. हळूहळू सगळा हंगाम त्या पडवीत परत आला. रिकाम्या भिंतीवर तिला तो गुलाबी उजेड दिसायला लागला. आणि प्रत्येक दिवसात, कुठलाही दिवस काढा, त्या उजेडात एक बाई बसलेली. मान खाली. बाटली भरणारी. बूच दाबणारी.

बाजाराच्या पिशवीत, पिठाच्या डब्यामागे, देवाच्या तसबिरीमागे जी जी बिलं सापडली ती काकांनी तारेत ओवली. सातव्या दुपारी बेरीज झाली.

"हे बघ," काका म्हणाले. "रातांबे बेचाळीस, साखर तेहेतीस, बाटली-बूच-लेबल चोवीस, कापायला आलेल्या बायका तेरा, पार्सल आणि फुटतूट पंधरा. एक बाटली तुला एकशे सत्तावीसला पडली. तू विकलीस एकशे विसाला. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला तू सात रुपये हातावर ठेवून वर सरबत पाजलंस. बाराशे वेळा. आठ हजार चारशे. चार दुकानांत उधारी राहिलीय, अठ्ठेचाळीसशे. आणि घरखर्चाला तू स्वतः काढलेस सतरा हजार आठशे. कर बेरीज."

तिनं केली. एकतीस हजार. रुपया इकडे नाही, रुपया तिकडे नाही.

सापडला चोर? सात रुपये तोट्याचा भाव, न मागितलेली उधारी, आणि तिचा स्वतःचा हात. तिघेही दिवसाढवळ्या तिच्या डोळ्यांसमोरून ये-जा करत होते.

मंदा उठायला लागली. काका मात्र अजून पेन उघडं ठेवून बसलेले. म्हणाले, "एक रकाना रिकामा आहे. भरायला, बुचं लावायला कोण होतं? मजुरी किती लिहू?"

"ती शेवंती. घरचीच की."

"घरची म्हणून पानावर नाही?" काका म्हणाले. "मंदा, ज्याला आपण फुकट समजतो त्याचा हिशेब राहून जातो, आणि जो हिशेब राहून जातो तोच एक दिवस आपल्याला खोटं पाडतो. दिवस मोज."

तिनं मोजले. अडुसष्ट दिवस. वाडीत त्या कामाला रोज अडीचशे. सतरा हजार.

ज्या बाईवर एकतीस हजारांचा आळ घेतला, तिचेच सतरा हजार हिच्याकडे निघत होते. काकांनी वही मिटली, टोपी घातली आणि निघून गेले. शहाण्या माणसाला कधी उठावं ते कळतं.

मंदानं आधी चार दुकानं गाठली. बिलं दाखवली. "ताई, तुम्ही मागितलेच नाहीत," असं दुकानदारच म्हणाले आणि पैसे दिले. ते अठ्ठेचाळीसशे आणि वही पिशवीत घालून ती सावंतवाडीला गेली.

कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत दोघी फाटकाबाहेर फणसाखाली बसल्या. शेवंतीची बोटं काळी झाली होती. मंदाला ती बोटं ओळखीची होती; नऊ वर्षं तिची तशीच होती. तिनं फक्त वही उघडून पुढे ठेवली. पानाच्या माथ्यावर लिहिलं होतं, शेवंती कोचरेकर, मजुरी. खाली अडुसष्ट ओळी.

"मी चुकले," मंदा म्हणाली. "तुझ्यावर आळ घेतला. पैसे कुणीच घेतले नव्हते. उलट मीच तुझं देणं लागते. आज एवढेच आणलेत, बाकीचे महिन्या-महिन्यानं देईन. लिहून ठेवलंय."

शेवंती वाचत राहिली. सावकाश, एकेका ओळीवर बोट ठेवून. आजवर तिचं नाव कुठल्या कागदावर आलं होतं? लग्नाच्या पत्रिकेवर एकदा आणि कोर्टाच्या कागदावर एकदा. बोट एका ओळीवर थांबलं.

"वहिनी, इथं चूक आहे."

मंदानं वहीवर वाकून पाहिलं. वाटलं, आता ही कमी लावलेले दिवस दाखवणार.

"या मंगळवारी मी बसले नव्हते. ताप होता मला. तुम्हीच तांदळाची कण्हेरी करून दिली होतीत. हा दिवस खोडा."

विठ्ठल, विठ्ठल.

ज्या बाईला चोर ठरवलं, ती स्वतःच्या मजुरीतले अडीचशे स्वतःच्या बोटानं खोडायला सांगते. मंदानं ती ओळ खोडली. सदुसष्ट दिवस, सोळा हजार सातशे पन्नास. मग मात्र तिला रडू आवरेना.

शेवंती लगेच परतली, असं मी सांगणार नाही. जखम होती. ती म्हणाली, "हा महिना मी इथं कबूल केलाय, तो पुरा करते. मग बघू." गणपतीच्या आदल्या दिवशी ती आली. पुढच्या हंगामाला घरात दोन डबे झाले, धंद्याचा एक, घरचा एक. मंदानं स्वतःला महिन्याचा पगार बांधून घेतला. घरच्या डब्यात तेवढाच जायचा. आलं-गेलं त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत लिहायचं. उधारीला वेगळं पान, बिल तारेत, आणि सरकारच्या करासाठी थोडं बाजूला. भाव केला एकशे ऐंशी. दोन दुकानदारांनी तोंड फिरवलं. बाराशेच्या जागी सातशेच बाटल्या गेल्या. पण त्या वर्षी शेवंतीची मजुरी देऊन, मागचं देणं फेडून, पैसे उरले. थोडेच. पण ते कुठून आले हे दोघींनाही ठाऊक होतं.

आता तुमच्याकडे वळतो.

तुम्ही म्हणाल, बुवा, देवाच्या दारात हा वहीखात्याचा विषय कशाला? अहो, देव म्हणजे सत्यच ना? मग दिवसभर जे घडलं ते जसंच्या तसं लिहायचं, आपल्या सोयीचं नाही, आपल्या भीतीचंही नाही, हे नामस्मरणाहून फार वेगळं आहे का? पैसा मोजायचा तो पैशाच्या लोभानं नाही. न मोजलेला पैसा माणसावर संशय घ्यायला लावतो, म्हणून मोजायचा.

उद्या सकाळी दुकान उघडाल तेव्हा एक वही घ्या. पहिल्या पानावर श्री लिहा. दुसऱ्यावर जमा, तिसऱ्यावर खर्च. आणि चौथं पान उघडण्याआधी जरा थांबा, घरात नजर टाका. तुमच्यासाठी पहाटे उठून कोण पीठ मळतं? तुम्ही गिऱ्हाइकाकडे गेलात की गल्ल्यावर कोण बसतं? त्याला तुम्ही घरचं म्हणता. प्रेमानंच म्हणता, मला ठाऊक आहे.

त्याचं नाव लिहा.

हात जोडतो. आरतीचं तबक पुढे येऊ द्या.