ताईच्या नावावर निम्मी मजुरी

(बांधून होत आलेल्या घरातली निजायची खोली. बहीण वायरिंगची कामं घेते, धाकटा भाऊ घरं बांधतो. भिंतीच्या भोकातून वायर ओढायची स्प्रिंग अर्धवट बाहेर लोंबते आहे.)

धाकटा : अगं, पण निम्म्या मजुरीत चुकलं काय? फोडाफोडी नाही, सिमेंट नाही. भिंतींची पॅनल कारखान्यातून तयार आली, वायरीसाठी आत नळ्याही पाडलेल्या. तू नुसती वायर सरकवायचीस.

ताई : तू सरकवली आहेस कधी?

धाकटा : ते तुझं काम.

ताई : आणि त्याची मजुरी सांगणं कुणाचं काम होतं?

धाकटा : ज्यांचं हे घर, त्या बाई घाईत होत्या. विटांच्या घराला तू घेतेस त्याच्या निम्मी लागेल, म्हणालो.

ताई : ‘ताईनंच सांगितलंय’ असंही म्हणालास. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मला मात्र ते बाईंकडून कळलं, तेही फाटकात. तिथे तुला खोटं पाडलं नाही, एवढंच.

धाकटा : तुझं नाव घेतलं की लोकांचा विश्वास बसतो. त्यात तुझाच मान आहे.

ताई : असला मान तुझ्याकडेच ठेव. विटांच्या भिंतीत एकीकडून नाही जमलं तर दुसरीकडून खाच पाडता येते. इथे दोन बाजूंना दोन लाकडी पाट्या, मधे फोम. नळी असेल तिथूनच वायर जाणार. आत काही दिसत नाही, नुसतं चाचपायचं. प्रत्येक बॉक्सचं भोक हातानं कापायचं, वायर गेली की ते पुन्हा बुजवायचं. नाहीतर वारा शिरतो आणि घर उबदार राहील म्हणून तू मारलेल्या बढाया फुकट. फोडण्याचे कष्ट वाचतात, कबूल. पण वाचलेले दिवस सगळे यात जातात. आणि नळ्या कुठे हव्यात ते पॅनल कापायच्या आधी ठरवायचं असतं. मला नकाशा दाखवलास?

धाकटा : तेव्हा तू चिडलेली होतीस माझ्यावर.

ताई : मी कायमच चिडलेली असते. म्हणून काय नकाशा दाखवायचा नाही?

धाकटा : राहून गेलं गं. बरं, निम्मी नको, पाऊण धर.

ताई : पाऊण कशाची? सकाळपासून माझी दोन माणसं या एका भिंतीशी झुंजताहेत. स्प्रिंग वीतभर आत जाते आणि अडते.

धाकटा : त्यांना जमत नसेल.

ताई : टोक बघ तिचं. काय लागलंय?

धाकटा : फोम आहे. भिंतीतला.

ताई : भिंतीतला पांढरा आहे. हा पिवळा. डब्यातून फवारायचा.

धाकटा : तो सांध्यांचा. सगळे सांधे मी इथे उभा राहून भरून घेतले. एक फट ठेवली नाही.

ताई : नळीचं तोंडही ठेवलं नाहीस. पॅनलला पॅनल भेटतं तिथेच नळीला नळी भेटते. तिथे फोम मारताना तोंड सोडायचं असतं. तू ओतलास, तो आत फुगला आणि वाळला.

धाकटा : जीव लावून करून घेतलं होतं गं ते काम.

ताई : तेच तर. आळस केला असतास तर वायर गेली असती.

धाकटा : मग वरूनच खाच मार. पाटी आडवी कापायची, वायर बसवायची, वर पुट्टी. कुणाला दिसणार आहे?

ताई : या घरात एक तरी खांब आहे?

धाकटा : नाही.

ताई : मग छप्पर कशावर उभं आहे? या पाट्यांवरच ना? तू बांधणारा, आणि तूच मला त्या चिरायला सांगतोस. इथे बाईंच्या यजमानांची खाट येणार आहे. रात्रभर त्यांना श्वासाचं यंत्र लागतं, त्यासाठी हा पॉइंट. मी नाही कापणार. दुसऱ्या कुणाकडून कापून घेतलंस तर सरळ बाईंना सांगेन.

धाकटा : सख्ख्या भावाला उघडं पाडशील?

ताई : सख्ख्या बहिणीच्या खांद्यावर बंदूक ठेवलीस तेव्हा नातं आठवलं नाही?

बाई : येऊ का आत? अंगणापर्यंत आवाज येतोय तुमचा.

ताई : या बाई. घर तुमचंच आहे.

बाई : बरं झालं, दोघंही भेटलात. मजुरी निम्मीच लागणार आहे, तर उरलेल्यात यांच्या खाटेशी आणखी एक पॉइंट होईल का? एक बंद पडला तर दुसरा हाताशी असावा.

धाकटा : ताई, तूच सांग.

ताई : काम किती आहे ते मी सांगेन. निम्मी कोण म्हणालं, ते तू सांग.

बाई : म्हणजे? तुम्ही नव्हता म्हणालात? अहो, तुमचा शब्द आहे म्हणून तर मी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही.

धाकटा : बाई, ताईला मी विचारलंच नव्हतं. निम्मी माझ्या मनची. आणि ही भिंत आतून बुजली, तीही माझ्यामुळे. ते निस्तरायचा खर्च माझा, तुमचा नाही.

बाई : आणि यांचा पॉइंट?

ताई : होईल. दोन्ही होतील. या भिंतीवर वरूनच पट्टी मारून तिच्यातून वायर आणते. पट्टी दिसेल मात्र.

बाई : दिसू दे. मजुरी कितीशी धरू?

ताई : विटांच्या घराहून फार कमी धरू नका. सगळ्या खोल्या बघून नक्की सांगते.

बाई : सावकाश बघा. मी बाहेर बसते.

धाकटा : ताई, मापं घेताना टेपचं दुसरं टोक धरू?

ताई : धर. आकडा मात्र मी सांगेन.