मातीवर ठेवलेलं बी

बंडोपंतांनी त्या संध्याकाळी परसातल्या वाफ्यावर लेट्यूसचं घरचं बी भुरभुरलं आणि तळहाताने हलकेच दाबलं. "वर माती लोटू नकोस चारुता, याला उजेड लागतो," म्हणाले. उरलेल्या बियांची पुडी लेकीच्या पर्समध्ये टाकली आणि चहा मागितला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

थंडी पडली तेव्हा चारुता देवळीच्या स्टँडवर वर्ध्याच्या बससाठी थांबली होती. मागच्या बाकावर एक वयस्क जोडपं बोलत होतं.

"एक कोंब नाई आला. बीच खराब देल्लं दुकानदारानं."

"संभार लावला असता तं आतापावतर चटणीले झाला असता," बाई कोथिंबिरीबद्दल म्हणाल्या. "तुमाले लेट्यूस पायजे!"

"मले कायले? नात येऊन राह्यली पुण्याहून. तिले कबूल केलं ना मी."

"अन् पेरलं कसं?"

"कसं म्हंजे? बोटभर खाली. हरभरा पेरतो तसं."

"मंग निंघन, नातीच्या लग्नापावतर!"

"हास तू. तिले काय सांगू आता?"

चारुता वळली. "काका, ते गाडायचं नसतं. मातीवर भुरभुरायचं आणि हाताने दाबायचं. माझे बाबा तसंच करतात."

"मंग बाबाले फोन लाव ना बाई. मी बोलतो त्यायच्याशी."

बाबा गेल्यावर घरी आलेले सगळे फोन तिच्या भावाने, अभिरामनेच घेतले होते. बहिणीवर कुणाला काही सांगायची वेळ त्याने येऊ दिली नव्हती.

तिने पर्समधली पुडी काढून काकांच्या हातावर ठेवली.

"बाबा गेले, काका," ती म्हणाली. "हे बी त्यांचं आहे."