कानानं वाचायची भाषा

यंत्र: रिकामं, रिकामं, रिकामं, रिकामं, इफ. रिकामं, रिकामं, रिकामं, रिकामं, रिकामं, रिकामं, रिकामं, रिकामं, रिटर्न.

ताई: थांबव. शेवटचे आठ होते की सात?

धाकटा: आठ, ताई.

ताई: मला सात ऐकू आले. एक रिकामी जागा हुकली की ती ओळ भलत्याच्याच पोटात जाते. नव्या प्रोग्रॅमसाठी पायथन बाद.

धाकटा: अगं, बाद काय? सगळं जग तीच शिकतंय. इतकी सुटसुटीत भाषा...

ताई: दिसायला. समास बघून अर्थ लावायचा, म्हणजे डोळसांची भाषा झाली ती. हे पडद्यावरचं वाचून दाखवणारं यंत्र मला समास कसा सांगणार? एकेक रिकामी जागा मोजत बसतं बिचारं. पुढची लाव.

यंत्र: महिरपी कंस बंद. गोल कंस बंद. अर्धविराम. महिरपी कंस बंद. गोल कंस बंद. अर्धविराम.

ताई: जावास्क्रिप्ट. न सांगता ओळखली. आधी सगळी दारं सताड उघडी टाकायची आणि शेवटी घरभर कड्या लावत फिरायचं.

धाकटा: वेबला दुसरं काय घेणार? ब्राउझरला तीच कळते.

ताई: माहीत आहे रे. तुला अंगठा चोखताना पाहिलंय मी, मला ब्राउझर शिकवतोय. आता माझा जुना प्रोग्रॅम लाव.

यंत्र: इफ साठा लहान किमान देन. बिगिन. इशारा दाखवा. एंड.

ताई: ऐकलंस? सुरू म्हणजे सुरू, संपलं म्हणजे संपलं. पास्कल माणसासारखी बोलते.

धाकटा: पण लिहितं कोण आता? ऑफिसातल्या नव्या पोरांना नावसुद्धा माहीत नाही. आणि तुझा तो प्रोग्रॅम औषधांच्या गोदामातल्या एकाच कॉम्प्युटरवर चालतो. ड्रायव्हर रस्त्यावर, दुकानदार दुकानात. सगळे फोन करून विचारतात, अमुक लस आहे का म्हणून.

ताई: पास्कलच ठेवा असं म्हणते का मी? सी शार्प घ्या. कंस तिच्यातही आहेत, पण डेस्कटॉपवर राहिलात तर बटणं तयार साच्यातली असतात, यंत्र त्यांना नावानं हाक मारतं. चाचपत का होईना, निवृत्त होईपर्यंत काम करीन मी त्यात. वेबवर गेलात तर माझं काय उरलं? उद्याच्या बैठकीत एवढंच सांग. तुझ्या शब्दाला वजन आहे तिथे.

धाकटा: डोळ्यांचं सांगून टाकू या का ऑफिसात?

ताई: खबरदार. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून घरून काम करते, एवढं पुरे त्यांना. आईलाही तेच सांगितलंय. खरं कळलं तर काम काढून घेतील, खुर्ची ठेवतील. आणि सगळे माझ्याशी मोठ्यानं बोलायला लागतील, जसे काही कान गेलेत.

धाकटा: किती दिसतं आता? खरं सांग.

ताई: उजेड-अंधार कळतो. दिवा लावला-मालवला ते कळतं. पुरे तेवढं. विषय बदलू नकोस, सी शार्पचा नमुना लाव.

धाकटा: लहानसाच केलाय.

यंत्र: खिडकी. बटण. फाइल संपली.

ताई: एवढंच? एक खिडकी आणि एक बटण? पायथनचं पानभर आहे. आणि जावास्क्रिप्टचं?

धाकटा: ते जरा... जास्त झालं.

ताई: जास्त? दुपारभर ऐकत बसले होते मी. लॉगिन आहे, साठा आहे, मुदत संपलेल्या औषधांची यादी आहे, पावतीची छपाईसुद्धा आहे. भाषांची तुलना करायला कोणी छपाई लिहितं का रे?

धाकटा: ताई...

ताई: छपाई सगळ्यात शेवटी लिहितात. कंटाळून. सगळं ठरून गेल्यावर.

धाकटा: अगं, ऐक तरी.

ताई: बैठक उद्या नाहीये.

धाकटा: झाली. सोमवारी. तुला मीच कळवतो म्हणालो होतो.

ताई: वेब कोणी सुचवलं?

धाकटा: मी.

(वरचा दिवा दोनदा फडफडतो आणि विझतो. बाहेर कधीच रात्र पडली आहे. कॉम्प्युटरचा पडदाही बंद. खोलीत मिट्ट काळोख.)

ताई: आता गप्प का झालास? एवढं बोललास, पुढचंही बोल.

धाकटा: ताई, तुला... दिवा... काही नाही.

ताई: मारत नाही मी. बोल.

धाकटा: गेल्या महिन्यात एका रुग्णालयाला लस हवी होती. गोदामाला कुलूप, कॉम्प्युटर आत. आपल्याकडे ती आहे की नाही, कोणालाच सांगता येईना. सकाळी उघडलं तर होती. बैठकीत तेच आठवत होतं. तुझं तोंडही आठवत होतं. तरी बोललो.

ताई: बरोबर बोललास.

धाकटा: बरोबर?

ताई: मीही वेबच म्हटलं असतं. तेच तर टोचतंय. चुकला असतास तर कडाकडा भांडले असते. लाव ते तुझं पान. बघू... ऐकू.

यंत्र: बटण, नाव नाही. बटण, नाव नाही. बटण, नाव नाही.

ताई: हे काय?

धाकटा: चित्रं आहेत त्यांच्यावर. भिंग, खोकं, प्रिंटर. बघितलं की कळतं.

ताई: हं. बघितलं की.

धाकटा: नाव देता येतं, ताई. एक शब्द टाकायचा असतो. पडद्यावर दिसत नाही, यंत्राला तेवढा कळतो. माझ्या ध्यानातच आलं नाही. घरात तू असून.

ताई: मी तरी कधी नावं टाकली होती? साच्यातून आयती यायची. टाक आता. माझ्यासाठी म्हणून नको, मी त्या ऑफिसात राहीन न राहीन. कॉम्प्युटरचा पडदा चालू करून घे, मी बंदच ठेवते.

धाकटा: नको. तू सांग, मी ऐकून टाकतो.

ताई: शहाणाच आहेस. भिंगाचं. शोधा.

यंत्र: बटण, शोधा.

ताई: बघ, लागलं बोलायला. आता पुढचं. पण उजेड आहे तोवर आटप बाबा, मग म्हणशील दिसत नाही.

धाकटा: आहे ताई. भरपूर उजेड आहे.