हुग्गीची बादली

सिद्धेश्वराची शपथ, हे सगळं खरं आहे. म्हणजे, बरंचसं.

बी.ए. होऊन मी घरी बसलो होतो आणि वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तेव्हा नवी पेठेतले चादरीचे दुकानदार शिवप्पाअण्णा म्हणाले, "अर्ज कसले खरडतोस? समाजात मिसळ की. चार लोकांनी तोंड बघितलं की नोकरी लागती."

मग अण्णांनी मला समाजाच्या प्रत्येक लग्नात पंगतीत वाढायला लावलं. हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या गोड खिरीची, जड बादली कायम माझ्याकडं. एकदा जेवता जेवता गिरणीतले एक साहेब खूश झाले. म्हणाले, "पोरगा चपळ आहे. उद्या ये, चिकटवतो तुला."

मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "उद्या न्हाय जमायचं, साहेब. उद्या वीरभद्राच्या पोरीचं लग्न हाय."

"मग परवा येऊ दे."

"परवा बारसं हाय. आन् ह्यो नोकरीला लागला तर हुग्गी कोण वाढणार?"

साहेबांना पटलं. त्यांनी आणखी एक पळी हुग्गी मागितली.

आता खोटं काय ते सांगतो. गिरणीतला साहेब मी पदरचा घातला; अण्णांचं उत्तर मात्र खरं. जागा रिकामी होती ती अण्णांच्याच दुकानात.